लाल टोपण, निळं टोपण

डॉक्टरबाई आकडे सांगायच्या आणि मी ते टॅबमध्ये भरायचे. दातांना नंबर असतात हे मला त्या नोकरीत कळलं. तोंडाचे चार भाग करायचे, प्रत्येक भागाला एक आकडा: पक्क्या दातांना एक ते चार, दुधाच्या दातांना पाच ते आठ. मग मधल्या दातापासून मागे मोजत जायचं, तो दुसरा आकडा. त्यानंतर दाताची अवस्था: चांगला असेल तर शून्य, किडलेला असेल तर एक. आश्रमशाळेच्या व्हरांड्यात, खिडकीकडे तोंड करून ठेवलेल्या बाकावर एकेक मुलगी येऊन मान मागे टाकायची आणि डॉक्टरबाईंच्या कपाळावरचा दिवा तिच्या तोंडात शिरायचा.

पहिल्याच दिवशी माझी पंचाईत झाली. मी चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये वाढले, इंग्रजी शाळेत शिकले. घरी मराठीच बोलायचो, पण माझे आकडे इंग्रजीतले. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांच्यात मी अजूनही क्षणभर अडखळते.

"चौऱ्याऐंशी, एक," डॉक्टरबाई म्हणाल्या.

माझं बोट टॅबवर थांबलं. बाकावरची मुलगी तोंड उघडं ठेवूनच माझ्याकडे बघायला लागली.

"मॅडमले चौऱ्याऐंशी नाई येत व," रांगेतली एक दुसरीला म्हणाली.

आणि मग अख्खी रांग माझ्यासाठी एका सुरात म्हणाली, "आठावर चार चौऱ्याऐंशी!"

त्या दिवसापासून डॉक्टरबाई आकडे सुटे करून सांगायला लागल्या. "आठ-चार, एक. आठ-पाच, शून्य." मला त्यांनी काही म्हटलं नाही. मीही आभार मानले नाहीत. मनातलं बोलायला मला नेहमी उशीर होतो.

ते दिवस आता आठवतात ते असे, आवाजासकट. अहेरीच्या आजूबाजूच्या आश्रमशाळा, शाळेमागे लगेच सुरू होणारं सागाचं जंगल, स्वयंपाकघरातून येणारा वरणाचा वास, आणि मधूनमधून बाकावर कुणाला तरी गुदगुल्या झाल्यासारखं येणारं हसू. मी नागपूरला संख्याशास्त्रात एमएस्सी करून नुकतीच बाहेर पडले होते. डॉक्टरबाईंचा चंद्रपुरात दातांचा दवाखाना होता. एका संस्थेनं दात किडण्यावरचा अभ्यास त्यांच्याकडे सोपवला होता, सोबत एक व्हॅन दिली होती. व्हॅनमध्ये दात तपासायची खुर्ची, दात भरायचं सामान, आणि पुढे अहेरीचेच ड्रायव्हरभाऊ. माझं काम आधी आकडे भरायचं आणि शेवटी त्यांचा अर्थ लावायचा. अर्थ नीट लागतोय की नाही हे पाहायला नागपूरचे एक सर होते, फोनवर.

अभ्यास साधा होता. मुलींना टूथपेस्ट द्यायची. दोन प्रकारची: दोन्हीत फ्लोराइड, पण एकीत जास्त. चंद्रपूरकडच्या काही गावांत पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं आणि त्यानंच दात खराब होतात, म्हणून निवडलेल्या शाळांच्या पाण्याची तपासणी आधी करून घेतली होती. पेस्ट दिसायला सारखीच. ट्यूबही सारख्या. फक्त एका प्रकाराला लाल टोपण, दुसऱ्याला निळं. कोणत्या मुलीला कोणतं, हे संगणकानं ठरवलेलं, चिठ्ठ्या टाकल्यासारखं. प्रत्येक ट्यूबवर मुलीच्या नंबरचं लेबल. जास्त फ्लोराइड लालमध्ये की निळ्यात हे डॉक्टरबाईंना माहीत नव्हतं, मला नव्हतं. ते फक्त सरांकडे बंद पाकिटात होतं. माहीत असलं की डोळा आपोआप एका बाजूला झुकतो, असं सर म्हणत.

फरक दिसला तर संस्था पुढचा टप्पा देणार होती. आणखी शाळा, व्हॅन तशीच राहणार, डॉक्टरबाईंच्या फेऱ्या तशाच राहणार. नाही दिसला तर व्हॅन परत.

डॉक्टरबाईंना पेस्टपेक्षा व्हॅन हवी होती, हे त्या लपवत नसत. पहिल्याच फेरीत एक मुलगी भेटली होती, गाल सुजून डोळा अर्धा मिटलेला. रोज रात्री चुलीवर फडकं गरम करून गालाखाली घेऊन झोपायची. कुणाला सांगितलं का, विचारलं तर म्हणाली, "कोनाले सांगाव?" डॉक्टरबाईंनी तिची दाढ व्हॅनमध्येच काढली. ती उठली, गाल चाचपला आणि थेट जेवायच्या रांगेत जाऊन उभी राहिली. परतताना डॉक्टरबाईंनी आलापल्लीला चहासाठी व्हॅन थांबवली. मग म्हणाल्या, "ही गाडी इथून जाता कामा नये."

मी तेव्हा दातांपेक्षा आकड्यांत जास्त होते. संख्याशास्त्राच्या पुस्तकातली उदाहरणं फार सभ्य असतात. इथं मात्र बऱ्याच मुलींचा एकही दात किडलेला नव्हता आणि थोड्या मुलींच्या जवळपास सगळ्या दाढा गेलेल्या. सरासरी काढली की एक मुलगी तयार व्हायची, पण तशी एकही मुलगी त्या रांगेत उभी नसायची. मी हे सरांना फोनवर सांगितलं तेव्हा ते खूश झाले. म्हणाले, मग सरासरीच्या पद्धतीनं जाऊच नकोस. एक प्रश्न विचार, दात किडले की नाहीच किडले. आणि किडले असतील तर किती, हा दुसरा प्रश्न. दोन्ही वेगळे हाताळ.

दुसरी गोष्ट त्यांनी मला सतत बजावली, ती म्हणजे दात मोजू नकोस, मुली मोज. एका तोंडातले दात एकाच घरातल्या माणसांसारखे असतात. तेच पाणी, तेच गोड, तोच आळस. एकीचे वीस दात म्हणजे वीस साक्षीदार नव्हेत, एकच साक्षीदार वीस वेळा बोलतोय. हे विसरलं की पुरावा आहे त्यापेक्षा कितीतरी मोठा वाटायला लागतो.

मग दुधाच्या दातांचा गोंधळ. पहिल्या तपासणीत असलेला दात दुसऱ्या वेळी नसला, तर तो किडून गेला की पडायचाच होता म्हणून पडला? वयावरून अंदाज करायचा, असं पुस्तकात होतं. पण वयाचा रकाना पाहिला तर बहुतेक सगळ्यांचा जन्म जूनमधला. मला वाटलं टॅब बिघडला.

"बिघडला नाई मॅडम," ड्रायव्हरभाऊ म्हणाले. "शाळेत नाव टाकते तवा गुर्जी जूनच लिवते. माझा बी जूनचाच हाये. सारा जिल्हाच जूनमंधी जन्मला."

मग मुलींनाच विचारायचं ठरलं. एकीला मी विचारलं, "हा दात कसा गेला?"

"पडला."

"दुखत होता का?"

"दुखत बी होता अन् पडला बी."

टॅबमध्ये यासाठी जागा नव्हती. डॉक्टरबाई हसल्या आणि म्हणाल्या, "कर काहीतरी, शास्त्रज्ञ."

आणखी एक नियम होता. काही मुलींना त्याच दिवशी दुसऱ्यांदा तपासायचं, डॉक्टरबाईंना न सांगता, म्हणजे त्यांचा स्वतःशी मेळ बसतो का ते कळतं. मी एखाद्या मुलीला खुणेनं परत रांगेत उभी करायचे. मुलींना हा खेळ फार आवडायचा. वेणी सोडून, ओढणी वेगळी घेऊन त्या परत यायच्या, जणू परीक्षकाला फसवायचंय. डॉक्टरबाई आरसा आत घालायच्या आणि म्हणायच्या, "हिला पाहिलंय मी."

"पुन्हा पाहा, मॅडम."

"जेवणाआधीची मी आणि जेवणानंतरची मी. आता भांडण लागणार आमचं."

भांडण क्वचितच लागायचं. हात चांगला होता त्यांचा.

त्या बाकाजवळ बसून मला खूपदा घर आठवायचं. आमच्या क्वार्टरच्या मागच्या गॅलरीत बाबा पाळीवरून आले की बोटानं काळं दंतमंजन लावून दात घासायचे. कठड्यावर हात ठेवला की राखेचा पातळ थर बोटांना लागायचा, तसाच काळसर. माझ्या शाळेत दरवर्षी दातांचं शिबिर व्हायचं, टायवाले डॉक्टर यायचे, मोठ्या प्लास्टिकच्या दातावर मोठा ब्रश फिरवून दाखवायचे. बाबांचं मंजन मी मैत्रिणींपासून लपवायचे. कुणी घरी आलं की डबी कपाटात. बाबांना ते कळत असणार, पण ते कधी काही बोलले नाहीत. आमच्या घरात कमी बोलायची सवय दोन्हीकडून आहे. इथल्या मुली सुट्टीत गावी गेल्या की दातवण करतात आणि आल्यावर ब्रश. दोन्ही त्यांना सारखंच वाटायचं. कुणाला लाज नव्हती.

अभ्यास बराच पुढे गेला होता तेव्हाची ती सकाळ. आम्ही एरवी शाळा भरल्यावर पोचायचो. त्या दिवशी अहेरीचा आठवडी बाजार होता आणि ड्रायव्हरभाऊंना दुपारी तिथं जायचं होतं, म्हणून त्यांनी आम्हाला अंधुक असतानाच निघायला लावलं. पोचलो तेव्हा मुली पाण्याच्या टाकीजवळ उभ्या होत्या. रांगेत, ब्रश पुढे धरून. रांगेच्या तोंडाशी तिथल्या कामाठीबाई बसल्या होत्या. स्वयंपाकापासून मुलींच्या वेण्यांपर्यंत सगळं बघणाऱ्या. त्यांच्या मांडीत स्टीलचा डबा होता आणि हातात चमचा. प्रत्येक ब्रशवर चमच्याच्या टोकानं पांढरा ठिपका ठेवत होत्या. "हं, सरक. हं, सरक व, का पाहून राह्यली?"

मला वाटलं चुना आहे की काय. डॉक्टरबाई जवळ गेल्या आणि डब्यात वाकून पाहिलं.

"हे काय हो बाई?"

"पेस."

"ट्यूबा कुठं गेल्या?"

"चिरल्या ना. दाबून सारी निंगत नाई मॅडम, आतमंधी लय राहते. विळ्यानं चिरून चमच्यानं काढते मी. वाया नाई जाऊ देत."

त्यांना वाटलं आम्ही वाया जाण्याबद्दल विचारतोय.

"लाल टोपणाची आणि निळ्या टोपणाची वेगळी ठेवता ना?" डॉक्टरबाईंचा आवाज अगदी हळू झाला होता.

"वेगळी कायले? एकातच. पोरी भांडत होत्या ना मॅडम. कोनी म्हने लाल गोड हाये, कोनी म्हने निळी. बहिनी बहिनी एका खाटेवर झोपतेत, एकीले लाल अन् एकीले निळी, असं कसं द्याव? तेल बी मी असंच देते, साबन बी कापून देते. कोनाले जास्त नाई, कोनाले कमी नाई."

"पण त्यावर नंबर होते, बाई. प्रत्येकीचा."

"हो नं. म्हून तर भांडन."

मागे व्हरांड्यात काही लहान मुली फरशीवर खडूनं चौकटी आखून खेळत होत्या. सोंगट्या म्हणून टोपणं, एकीकडे लाल, एकीकडे निळी.

"कधीपासून चाललंय हे?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"पयल्यापासून," कामाठीबाई म्हणाल्या आणि पुढच्या ब्रशवर ठिपका ठेवला.

ड्रायव्हरभाऊ मागे उभे होते. "आता मंग सारी जांभळी झाली," ते म्हणाले. डॉक्टरबाईंनी वळून पाहिलं तेव्हा ते टायर तपासायला निघून गेले.

त्यानंतर आम्ही प्रत्येक शाळेत विचारत फिरलो. काही ठिकाणी हीच पद्धत, फक्त डब्याऐवजी ताट. काही ठिकाणी "छे, छे, आमच्याकडे ज्याची त्याला", असं इतक्या घाईनं सांगितलं की खरं काय ते कळू नये. एका ठिकाणी अधीक्षिकांनी अभिमानानं कपाट उघडून दाखवलं. आत सगळ्या ट्यूब ओळीनं उभ्या, कोऱ्या, एकही न उघडलेली. "पोरी नासवतात. कुणी पाहायला आलं तर दिसाव्यात म्हणून ठेवल्या."

मी सगळं लिहून सरांना कळवलं. फोनवर त्यांनी सगळं परत एकदा विचारून घेतलं. मग ते हसायला लागले, अगदी मनापासून. "मी मुली मोज म्हणालो होतो ना? तिथं मुलगीसुद्धा एकटी नाही." मला तेव्हा हसू आलं नाही. मला डॉक्टरबाईंचा आवाज ऐकू येत होता, हळू झालेला.

शेवटची तपासणी झाली. हिशेब मी चंद्रपुरातच केला, डॉक्टरबाईंच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत, जिथं दातांचे साचे सुकत असायचे. अभ्यास सुरू व्हायच्या आधी आम्ही लिहून दिलं होतं की प्रत्येक मुलगी तिला जो रंग मिळाला त्याच गटात धरली जाईल, मग तिनं पेस्ट वापरो न वापरो. मी तसंच केलं. लाल गटात कीड थोडी कमी दिसत होती. पण इतकी थोडी की फरक नाहीच, असंही म्हणता आलं असतं.

डॉक्टरबाईंनी तक्ता पाहिला. "आता डब्याच्या शाळा काढून बघ."

मी काढून पाहिलं. फरक ठळक झाला. कुणालाही दाखवता येईल असा.

"हाच पाठव," त्या म्हणाल्या.

"मॅडम, आपण आधी लिहून दिलंय."

"तेव्हा डबा माहीत होता का आपल्याला?"

"नाही."

"मग? जिथं औषध पोचलंच नाही तिथले आकडे कशाला धरायचे? एवढं तर कुणालाही कळेल."

मला बरोबर उत्तर माहीत होतं, पण ते माझ्याकडे इंग्रजीत होतं आणि परीक्षेतल्यासारखं होतं. मी टेबलावरच्या साच्यांकडे बघत राहिले. मग जे सुचलं ते म्हटलं. "आपण फक्त खरं सांगणाऱ्या शाळा काढतोय. ज्यांनी सांगितलं नाही त्या आत आहेत."

"असू दे."

"कपाटवाली शाळा पण आत आहे. उत्तर बघून झाल्यावर काढतोय आपण, मॅडम."

डॉक्टरबाई उठल्या. त्यांना राग आला की त्या हात धुतात. त्यांनी हात धुतले, पुसले. "ऐक. गाडी गेली तर काय होईल ते तुला माहीत आहे. ती गाल सुजलेली मुलगी आठवते ना? फडकं घेऊन झोपणारी? तुझ्या तक्त्यात ती कुठं आहे ते दाखव मला."

त्यांनी ते चिडून म्हटलं होतं. मी मात्र शोधलं. मला तिचा नंबर पाठ होता. खूपशा मुलींचे नंबर मला नावांपेक्षा जास्त पाठ होते.

"पहिल्या तक्त्यात आहे," मी म्हणाले. "निळ्या गटात."

"आणि दुसऱ्या?"

"दुसऱ्यात नाही. तिच्या शाळेत डबा होता. तिला काढलंय."

बाहेर रिसेप्शनवर कुणीतरी पेशंटला तारीख देत होतं. डॉक्टरबाई परत खुर्चीत बसल्या. पडद्यावर दोन्ही तक्ते शेजारी शेजारी होते आणि त्या एकाकडून दुसऱ्याकडे पाहत राहिल्या. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी फक्त विचारलं, "दोन्ही पाठवता येतात का?"

"येतात. पहिला वर. दुसरा खाली, आणि तो कसा काढला ते स्पष्ट लिहून. डब्यासकट."

"लिही मग डब्यासकट," त्या म्हणाल्या. "आणि कामाठीबाईंना दोष देऊन लिहू नको. वाटून देत होत्या त्या."

ते वाक्य मी तीनचारदा लिहिलं आणि खोडलं. शास्त्रीय अहवालाच्या भाषेत वाटून देण्याला शब्दच नव्हता. जे होते ते सगळे भेसळीच्या बाजूचे होते.

नागपूरच्या बैठकीत संस्थेची माणसं लांब टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसली होती. मी कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन. तक्ते दाखवून झाल्यावर एका गृहस्थांनी तेच विचारलं. ज्या शाळांत मिसळलं गेलं त्या सरळ वगळल्या का नाहीत, वगळल्या असत्या तर निष्कर्ष स्वच्छ आला असता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण आकडे माझे होते. मी तोंड उघडलं, पण डॉक्टरबाई आधी बोलल्या.

"वगळल्या असत्या तर फक्त आमच्याशी खरं बोललेल्या शाळा वगळल्या गेल्या असत्या," त्या म्हणाल्या. "न बोललेल्यांची नावं मला माहीत नाहीत. आणि माझ्या सगळ्यांत आजारी मुली त्यात गेल्या असत्या."

मग त्या समोरचं पाणी प्यायल्या. मी लॅपटॉपकडे बघत होते. माझं वाक्य त्यांच्या आवाजात फार चांगलं वाटत होतं.

शेवटी तिथंच बसलेल्या सरांनी पाकीट फोडलं. जास्त फ्लोराइड लालमध्येच होतं. सगळ्यांनी माना हलवल्या. त्या मानांनी काही ठरलं नाही. संस्थेचं उत्तर नंतर आलं. काम प्रामाणिक आहे असं त्यात लिहिलं होतं. पुढच्या वेळी एकेका मुलीला नव्हे तर अख्ख्या शाळेला एकच प्रकार द्यावा, म्हणजे मिसळायचा प्रश्न येणार नाही, असंही होतं. ते बरोबरच होतं. पण शाळा हे एकक धरलं की मुली कितीही असल्या तरी मोजायच्या शाळाच, आणि मग शाळा कितीतरी जास्त लागतात. तेवढ्याची सोय यंदा नाही. व्हॅन दुसऱ्या जिल्ह्यात जाणार होती.

शेवटच्या फेरीला आम्ही निरोप सांगायला गेलो. डॉक्टरबाईंनी कामाठीबाईंना सांगितलं की आता गाडी येणार नाही.

"काऊन?" कामाठीबाईंनी विचारलं. "पोरींचे दात चांगले झाले म्हून?"

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता त्या डब्याचं सांगतील. मला खात्री नव्हती की मी त्यांच्या जागी असते तर सांगितलं नसतं.

"पैसे संपले, बाई," त्या म्हणाल्या.

"हे तं हरेकच गोष्टीचं हाये," कामाठीबाई म्हणाल्या आणि आमच्यासाठी चहा ठेवायला आत गेल्या. रांगेतल्या मुली तोवर पांगल्या नव्हत्या. त्यांना तपासणी हवी होती. त्यांच्या दृष्टीनं आम्ही त्यासाठीच आलो होतो. टॅब मी आदल्या दिवशीच परत केला होता. डॉक्टरबाईंनी बाक खिडकीकडे ओढला, दिवा लावला आणि संध्याकाळपर्यंत एकेकीचं तोंड पाहिलं. ज्यांच्या दाढा दुखत होत्या त्यांना व्हॅनमध्ये नेऊन त्या भरल्या. मी कापूस देत राहिले, तोंडं धरत राहिले. ड्रायव्हरभाऊंनी एकदाही घड्याळाकडे बोट दाखवलं नाही.

आता मी नागपुरात आहे. औषधांचे आकडे येतात, मी त्यांचा अर्थ लावते. माणसं येत नाहीत. नव्या अभ्यासाचा कागद आला की मी पहिल्यांदा विचारते की तिथं वस्तू कशा वाटल्या जातात. पलीकडून बहुतेक वेळा "म्हणजे?" असं येतं. मग मी समजावून सांगते. पूर्वीपेक्षा मला ते जमतं.

डॉक्टरबाईंचा अर्ज आणखी दोन ठिकाणी गेलाय, अख्ख्या शाळा धरून. हिशेब मीच करून दिला. अजून उत्तर नाही. मधल्या काळात त्या रविवारी दवाखाना बंद ठेवून स्वतःच्या गाडीनं अहेरीकडे जातात, जमेल तेव्हा. आरसा, दिवा, भरायचं थोडं सामान. दरवेळी एखादी शाळा होते. गेल्या आठवड्यात फोन आला तेव्हा त्या आलापल्लीत चहा पीत होत्या. पलीकडून ट्रकचे आवाज येत होते.

"काही लिहून ठेवता का?" मी विचारलं.

"नाही गं. एका हातात आरसा, एका हातात चिमटा. लिहिणार कोण?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"म्हणजे याचा उपयोग किती झाला ते कुणालाच कधी सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या, "तुलासुद्धा नाही." आणि हसल्या. चिडवायला हसल्या, दुखवायला नाही.

मला म्हणायचं होतं, पुढच्या रविवारी मी येते. ते तोंडापर्यंत आलं. पण मी विचारलं, आलापल्लीपुढचा खोदून ठेवलेला रस्ता झाला का.

"अर्धा झालाय," त्या म्हणाल्या. "तू आलीस की दिसेल."

मी म्हटलं, "सकाळी किती वाजता निघता?"